प्रकाशाची काकवी

गुऱ्हाळावर गेला असाल तर काकवी पाहिली असेलच. गूळ होण्याआधीची ती दाट, सोनेरी धार. तिच्यात मुंगी पडली की काय होतं आठवा. सगळे पाय मारते बिचारी, पण इंचभरही सरकत नाही.

1985 साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या बेल लॅबोरेटरीजमध्ये अणूंसाठी अशीच काकवी तयार झाली. ती उसाची नव्हती, प्रकाशाची होती. शास्त्रज्ञांनी नावही तेच ठेवलं, 'ऑप्टिकल मोलॅसिस'. हे काम करणाऱ्या गटाचे प्रमुख होते स्टीव्हन चू. पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 1997 साली क्लोद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

आता तुम्ही विचाराल, प्रकाशाने वस्तू तापते, थंड कशी होईल? उन्हात ठेवलेली पाण्याची बाटली काय होते ते आपण रोज बघतो. प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

तुम्ही बसला आहात त्या खोलीतल्या हवेचे रेणू या क्षणी सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावत आहेत. ही धावपळ म्हणजेच उष्णता. धावपळ कमी केली की थंडावा. समोरून येणाऱ्या अणूवर प्रकाशाचे कण आपटले तर तो थोडा थोडा मंदावेल, हे ठीक. पण पाठीमागून आपटले तर उलट वेग वाढेल, त्याचं काय?

इथे रेल्वे स्टेशन आठवा. शिट्टी वाजवत गाडी जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. प्रकाशाचंही तसंच होतं. प्रत्येक अणूची प्रकाशाची एक ठरावीक 'पट्टी' असते आणि तीच तो शोषतो. लेसर त्या पट्टीपेक्षा किंचित खाली लावायचा. मग अणू ज्या किरणाच्या दिशेने धावतो, त्याच किरणाचा सूर त्याला चढून बरोबर लागतो आणि धक्काही तिकडूनच बसतो. पाठीमागचा किरण त्याला जवळजवळ लागतच नाही. शोषलेला प्रकाश अणू परत सोडतो, पण कुठल्याही दिशेला, त्यामुळे ते धक्के एकमेकांना खोडून काढतात. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे असे सहा किरण लावले की अणू जिकडे जाईल तिकडून त्याला अडवणारा कोणीतरी उभा!

एका धक्क्याने सोडियमच्या अणूचा वेग सेकंदाला जेमतेम 3 सेंटिमीटरने कमी होतो. पण असे धक्के सेकंदाला लाखो बसतात. चू यांच्या प्रयोगात तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे 273.15 अंश सेल्सिअसच्या, फक्त 0.00024 अंश वर उरलं. अणूंचा वेग सेकंदाला 30 सेंटिमीटरच्या आसपास आला. रांगणारं बाळ जाईल तितका.

मला मात्र या प्राध्यापकांची पुढची गोष्ट जास्त आवडते. बेल लॅबमध्ये त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते आर्थर अ‍ॅश्किन. प्रकाशाचा किरण नेमका एका बिंदूवर आणला तर त्यात सूक्ष्म मणी पकडून ठेवता येतो, हा प्रकाशाचा चिमटा या मंडळींनी 1986 साली जगासमोर मांडला. (त्यासाठी अ‍ॅश्किन यांना नोबेल मिळालं ते 2018 साली, वयाच्या 96व्या वर्षी. वाट पाहावी तर अशी!) स्टॅनफर्डला आल्यावर चू यांनी हाच चिमटा जीवशास्त्राकडे वळवला. डीएनएच्या धाग्याच्या टोकाला प्लास्टिकचा बारीकसा मणी चिकटवायचा, मणी चिमट्यात धरायचा आणि धागा ताणायचा. वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने त्यांना डीएनए हाताळायला शिकवलं. म्हणजे प्राध्यापक शिकणारे आणि विद्यार्थी शिकवणारा. सुरुवातीच्या प्रयोगांत नशिबाचा भाग बराच होता. ती पद्धत त्यांच्या विद्यार्थ्यांनीच पुढे सुधारली.

1997 साली त्यांच्या गटाने एक गंमत पाहिली. एका विषाणूचे डीएनए, लांबी तीच, घडण तीच, सगळे एकाच वाहत्या द्रवात सोडले. ते सारखेच उलगडतील असं कोणालाही वाटेल. पण एक मधोमध दुमडला, दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना गुंता राहिला, तिसरा झरकन सरळ झाला. सुरुवातीला प्रत्येकाचा गुंता किंचित वेगळा होता, तेवढ्याने पुढचा सगळा प्रवास बदलला. फ्रेंच शास्त्रज्ञ द जेन यांनी याला रेणूंचं 'व्यक्तिवेगळेपण' म्हटलं. दोन मुलं वाढवलेल्या कुठल्याही आईला हे नवीन वाटणार नाही.

आईवरून आठवलं. चू यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1948 चा. आपण रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ विज्ञान दिन साजरा करतो, तीच तारीख. आईवडील चीनमधून अमेरिकेत आलेले, घराणं विद्वानांचं, थोरला भाऊ प्रिन्स्टनला. नामवंत विद्यापीठांनी धाकट्याला मात्र नकार कळवला आणि ते रोचेस्टरला गेले. लहानपणी बैठकीच्या गालिच्यावर लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टांचा पसारा दिवसेंदिवस पडलेला असायचा. आई तो उचलायला लावत नसे. डब्याचे पैसे रॉकेटच्या सामानावर खर्च व्हायचे. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांनी लंबक तयार करून पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मोजलं. सुमारे 25 वर्षांनी तेच माप त्यांनी पुन्हा घ्यायला घेतलं, या वेळी लंबकाऐवजी लेसरने थंड केलेल्या, कारंज्यासारख्या वर उडवून खाली पडणाऱ्या अणूंनी. 1999 साली जाहीर झालेलं उत्तर काचेचा तुकडा पाडून घेतलेल्या मापाशी अब्जांत काही भागांपर्यंत जुळलं.

लेसर आपल्या घरी नसतो, पण लंबक होऊ शकतो. बळकट दोऱ्याला छोटं कुलूप बांधा. वरच्या गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर 1 मीटर अंतर ठेवा. थोडासाच झोका द्या आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर 20 पूर्ण झोके मोजा. साधारण 40 सेकंद लागतील. आलेल्या वेळेला 20 ने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि 39.5 ला त्या वर्गाने भागा. उत्तर 9.8 च्या जवळ यायला हवं. नाही आलं तर आधी दोऱ्याची लांबी पुन्हा मोजा, चूक बहुतेक तिथेच असते.