मागे नागोबा टाका

पुष्य महिना लागला की माझ्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. काहींना फ्लेक्स करून हवा असतो, काहींना अर्ज टाइप करून हवा असतो. दोघांनाही जायचं असतं केस्लापूरला, नागोबाच्या जत्रेत. तेलंगणात, इंद्रवेल्लीत उटनूर रोडला माझं छोटंसं दुकान आहे. डिझाइन इथे करते, छपाईला आदिलाबादला पाठवते, संध्याकाळच्या बसने गुंडाळी येते. झेरॉक्सचं मशीन दाराशीच आहे. गावाकडची मराठी बोलणारी माणसं मराठीत सांगतात आणि मी त्यांचा अर्ज तेलुगूत टाइप करते, कारण कचेरीत तोच वाचला जातो.

फ्लेक्सवाले घाईत असतात. तिकिटासाठी धडपडणाऱ्या पुढाऱ्याचा माणूस पेन ड्राइव्ह पुढे करतो आणि म्हणतो, "वहिनी, दहा बाय आठ करा. साहेबांच्या मागं नागोबा टाका." मग कपाळावरचं गंध ठळक करायचं, डोक्याला फेटा बसवायचा, जोडलेले हात जरा वर घ्यायचे. ही कामं मी वर्षानुवर्षं केली. पण एका हंगामात एका इच्छुकाला मेस्रामांच्या पाण्याच्या वाटेवर चालताना दाखवायचं होतं. तो त्या वाटेवर एक पाऊलही चालला नव्हता. मी रांगेतल्या एका माणसाला काढलं, त्या जागी त्याला बसवलं आणि पैसे घेतले. रात्री झोप लागली नाही.

ती वाट काय आहे, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. मेस्राम कुळातले गोंड अनवाणी चालत जन्नारम मंडळातल्या कलमडुगूजवळ हस्तिनमडुगूला जातात आणि नागोबासाठी झारीत गोदावरीचं पाणी घेऊन येतात. केस्लापूरला आल्यावर वडाखाली मुक्काम करतात. पुष्य अमावास्येच्या रात्री महापूजा होते. त्यानंतर कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून देतात, त्याला भेटिंग म्हणतात. पांढरी साडी नेसलेल्या, चेहरा झाकलेल्या त्या मुली वाकून देवापुढे जातात. देवाला ओळख पटावी म्हणून चेहरा झाकावा लागतो, ही गोष्ट मला दरवर्षी नव्याने जाणवते. आणि मंदिराच्या रस्त्यावर मी छापलेले दहा फुटी चेहरे उभे असतात.

देवाला नमस्कार करणाऱ्या पुढाऱ्याशी माझं भांडण नाही. माझं माहेर किनवटकडचं, तो तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आई माळकरी. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांच्या हातची महापूजा टीव्हीवर लागली की ती हात जोडते, पण ते विठ्ठलाला. मत कुणाला द्यायचं हे ती रेशन, विहीर आणि दवाखाना बघून ठरवते. भाविक माणूस फोटोला भुलतो, असं ज्यांना वाटतं ते कधी भाविकांशी बसून बोललेले नाहीत.

माझी तक्रार वेळेची आहे. आचारसंहिता लागली की आमच्यावर कायदा बसतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 अ प्रमाणे प्रचाराच्या प्रत्येक पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव द्यावं लागतं. उमेदवाराचा खर्च अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत मोजतात. कलम 123 प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट व्यवहार ठरतो. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की उमेदवाराचा असो की मतदाराचा, कुणाच्याच धर्माचा आधार घेता येणार नाही. हे सगळं माणूस उमेदवार झाल्यावर. त्याच्या आधीचं वर्ष-दीड वर्ष, तिकीट ठरण्याचा काळ, मोकळा. मागे नागोबा असलेले फ्लेक्स नेमके त्याच काळात छापले जातात, आणि त्या काळात आम्हाला कुणी विचारत नाही. तिकीट हैदराबादला आणि दिल्लीला ठरतं.

अमेरिकेत मात्र अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या पक्षाचे साधे मतदार राज्याराज्यांत आधी मत देऊन ठरवतात. तिथेही देवाचा फोटो चालतो. 2007 च्या नाताळात रिपब्लिकन पक्षाचे एक इच्छुक माइक हकाबी यांनी एक जाहिरात केली होती, ती मुलाने मला मोबाईलवर दाखवली. साहेब लाल स्वेटरमध्ये शुभेच्छा देतायत, मागे पांढरी मांडणी, आणि कॅमेरा सरकतो तशा तिच्या उभ्या-आडव्या फळ्या क्रूसासारख्या दिसतात. ती फक्त पुस्तकांची मांडणी आहे, असं ते म्हणाले. माझ्या धंद्यातल्या माणसाला मागे काय ठेवलंय ते लगेच कळतं. 3 जानेवारी 2008 ला आयोवात ते जिंकले, तिथे रिपब्लिकन पक्षात चर्चला जाणारे मतदार खूप. पण पुढे बाकीच्या राज्यांनी मत दिलं आणि उमेदवारी जॉन मकेन यांना मिळाली. त्याही आधी, मे 1960 मध्ये, वेस्ट व्हर्जिनिया या प्रॉटेस्टंट राज्यात कॅथलिक जॉन केनेडी पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे होते. त्यांनी आपला धर्म लपवला नाही, लोकांसमोर त्यावर थेट बोलले, आणि जिंकले. त्या लोकांना उमेदवार ठरण्याआधी समोरासमोर बघायला, विचारायला आणि नाकारायला मिळालं. आमच्या वाट्याला त्यातला फक्त फोटो येतो.

आणि त्या फोटोने आम्हाला निवड तरी करता येते का? आदिलाबादची लोकसभेची जागा आदिवासींसाठी राखीव आहे. 2024 मध्ये भाजपचे गोडाम नागेश, काँग्रेसच्या आत्राम सुगुणा आणि बीआरएसचे आत्राम सक्कू असे तिघे समोर होते. तिघेही गोंड, तिघांचा देव एकच. तिघांच्या मागे नागोबा ठेवला तर मतदाराला कोणता फरक कळणार? निवडून गोडाम नागेश आले. पण देवाच्या फोटोने त्यात काय ठरवलं असेल, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पुढाऱ्याने इंद्रवेल्लीला येऊन उभं राहण्याला वजन आहे, ते आम्ही जाणतो. 20 एप्रिल 1981 ला, सोमवारच्या बाजाराच्या दिवशी, जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर इथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा 13 मृतांचा, गावोगावी ऐकू येणारा आकडा त्याच्या कितीतरी पट. माझ्या सासूबाई त्या दिवशी बाजारात भाजी घेऊन बसल्या होत्या. टोपली तिथेच टाकून त्या नाल्याकडे पळाल्या. पुढे कितीतरी वर्षं 20 एप्रिलला हुतात्म्यांच्या स्तूपाजवळ कुणाला फिरकू देत नसत. रेवंत रेड्डींनी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष असताना 9 ऑगस्ट 2021 ला दलित-आदिवासींच्या आत्मगौरवाच्या सभांची सुरुवात इथूनच केली. मुख्यमंत्री झाल्यावर 2 फेब्रुवारी 2024 ला ते आले, नागोबाला नमस्कार केला आणि हुतात्म्यांच्या स्मृतिवनाची पायाभरणी केली. मला त्यातली पायाभरणी महत्त्वाची वाटते. तिचं काम किती झालं, हे आम्ही जाऊन डोळ्यांनी पाहू शकतो. नमस्कार कितपत खरा, ते ज्याचं त्याला माहीत.

पुढाऱ्याला तपासायची जागा केस्लापुरातच आहे. 1940 मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजामाच्या सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं, आणि त्यांच्या पुढाकाराने त्याच दशकात जत्रेत दरबार सुरू झाला. लोकांनी डोंगरातून खाली कचेरीत जायचं नाही, कचेरीने जत्रेत यायचं, अशी ती कल्पना. आजही कलेक्टर येतात, आदिवासी विकास संस्थेचे, म्हणजे आयटीडीएचे अधिकारी येतात, अर्ज घेतात. पोडूच्या, म्हणजे जंगल साफ करून कसलेल्या जमिनीचे पट्टे अडलेले असतात, रस्ता नसतो, बोअर आटलेली असते. जीओ नंबर 3 चा अर्ज तर हमखास असतो. 2000 सालच्या त्या आदेशाने अनुसूचित भागातल्या शाळांतल्या शिक्षकांच्या सगळ्या जागा स्थानिक आदिवासींसाठी ठेवल्या होत्या, 22 एप्रिल 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शिक्षकीचा कोर्स करून घरी बसलेल्या मुली ते अर्ज माझ्याकडून टाइप करून नेतात.

तिकीट हवं असलेल्या प्रत्येकाने त्या दरबारात दिवसभर बसावं, असं मला वाटतं. मंचावर नाही, सतरंजीवर, अर्जदारांच्या शेजारी. गोंडी, मराठी, तेलुगू, ज्या भाषेत प्रश्न येईल त्या भाषेत उत्तर द्यावं, जमत नसेल तर दुभाषा आणावा. पक्षांनी तिकीट देण्याआधी मंडळामंडळात माणसं पाठवून विचारावं की तिथे कोण बसलं होतं आणि काय बोललं. देवाच्या जत्रेत राजकारण नको, असं काही जण म्हणतील. ते तर आधीच आलं आहे, माझ्याच दुकानातून गुंडाळी होऊन गेलं आहे. मेस्रामांनी आपल्या वर्गणीतून दगडी मंदिर उभारलं, डिसेंबर 2022 मध्ये ते उघडलं. त्या देवाला कुणाच्या चेहऱ्यामागचा पडदा मी तरी आता करणार नाही. मागच्या जत्रेपासून जिवंत पुढाऱ्याच्या मागे नागोबा टाकणं बंद केलं आहे. चार ऑर्डरी उटनूरला गेल्या, जाऊ देत.

अर्ज मात्र चालू आहेत. परवा मुत्नूरकडची एक आजी आली. पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. पोडूच्या पट्ट्याचा अर्ज, मीच टाइप केलेला, घडीवर विरलेला. मी विचारलं, "आजी, यात काय बदलायचं?"

"तारीख बदल बाई," ती म्हणाली. "बाकी तसंच राहू दे."