इतिहासकारांना आधी विचारा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये अडीचशे वर्षे होतात. वसाहतींचा काळ शाळेत कसा शिकवावा यावर इथे अमेरिकेत कडाक्याचे वाद चालू आहेत. या वादात इतिहासकारांचे म्हणणे मजकूर छापण्याआधी ऐकले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

१. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘१६१९ प्रोजेक्ट’ काढला. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली वीसेक माणसे उतरवली गेली. देशाची गोष्ट तिथून सांगायची, ही कल्पना. ती हवीच होती. पण निकोल हॅना-जोन्स यांच्या मुख्य लेखात एक विधान होते: वसाहतींनी स्वातंत्र्य पुकारले, त्याचे एक प्रमुख कारण गुलामी टिकवणे हे होते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या लेस्ली हॅरिस यांना तपासणीसाठी आधीच विचारले होते. त्यांनी जोरदार हरकत घेतली, कारण ब्रिटनकडून गुलामीला तेव्हा तातडीचा धोकाच नव्हता. तरी विधान छापले गेले. डिसेंबरात गॉर्डन वुड, जेम्स मॅकफर्सन आदी पाच इतिहासकारांनी जाहीर पत्र लिहिले. मार्च २०२० मध्ये हॅरिस यांनी एका लेखात घडलेले सगळे मांडले आणि काही दिवसांतच ‘टाइम्स’ने ‘काही वसाहतकरांनी’ अशी दुरुस्ती केली.

हॅरिस गुलामीच्याच अभ्यासक, प्रकल्पाचा हेतू त्यांना मान्य. तरी त्यांनी चूक चारचौघांत सांगितली, आणि त्याच लेखात प्रकल्पाच्या टीकाकारांनाही सुनावले. आपल्याच बाजूला ‘हे पुराव्यात बसत नाही’ असे सांगणे फार थोड्यांना जमते. इतिहासकाराचे सार्वजनिक काम मला यात दिसते.

२. इतिहासाचा निवाडा सरकारने लिहू नये. ‘१६१९ प्रोजेक्ट’ला उत्तर म्हणून ट्रम्प यांनी नेमलेल्या ‘१७७६ आयोगा’त अमेरिकी इतिहासाचा एकही व्यावसायिक अभ्यासक नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये अहवाल आला, तोही तळटीपांशिवाय. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने त्याचा निषेध केला, तो योग्यच होता.

३. इतिहासकारही चुकतात, आणि ते मान्य केल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास मागता येत नाही. आपण राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचा मुलगा आहोत, हे गुलामीत जन्मलेल्या मॅडिसन हेमिंग्जने १८७३ मध्ये ओहायोच्या वर्तमानपत्रात सांगितले होते. नामवंत चरित्रकारांनी ते शतकभर झटकून टाकले. अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ च्या पुस्तकात तीच साक्ष नीट तपासली. पुढच्याच वर्षी डीएनए चाचणीने तिला आधार दिला.

४. त्याच १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. म्हणून हा वाद आपल्याला परका नाही. इथल्या मराठी आईवडिलांना माझी विनंती आहे: स्कूल बोर्डाच्या सभा खुल्या असतात, तिथे जा. मुलांचे पुस्तक कोणत्या इतिहासकारांनी तपासले आणि त्यांच्या हरकतींचे पुढे काय झाले, हे विचारा.