चॅरिटी राईड काढायची तर आधी हिशोबाची वही उघडा

वर्सोव्यात पहिली चॅरिटी सायकल राईड काढायची, असं आपल्या ग्रुपवर बरेच दिवस चाललंय. लोगो तयार आहे, टी-शर्टचा रंग दोनदा बदलून झाला, प्रमुख पाहुणे म्हणून यारी रोडवरच्या तीन कलाकारांची नावंही आली. (आपल्याकडे कलाकार शोधायला लांब जावं लागत नाही!) पैसे कोणाला द्यायचे, यावर मात्र "एखाद्या चांगल्या संस्थेला" याच्या पुढे गाडी सरकलेली नाही. म्हणून जरा स्पष्ट लिहितोय. राईड व्हावी असंच मला वाटतं. पण आत्ता ठरतेय तशी नको.

साधा हिशोब करू. धरून चाला, २०० जण आले, प्रत्येकी ७०० रुपये. जमले १ लाख ४० हजार. टी-शर्ट २५०, मेडल १२०, नाश्ता ८०, म्हणजे माणशी ४५० तिथेच गेले. ९० हजार संपले. उरलेल्या ५० हजारांतून स्टेज, साउंड, बॅनर, फोटोग्राफर, अँब्युलन्स यांचे ३५ हजार काढा. हातात राहिले १५ हजार. म्हणजे ७०० रुपये देणाऱ्याचे ७५ रुपये सत्कारणी लागले, बाकीचे त्याच्याच अंगावर आणि गळ्यात. याला सहल म्हणा, माझी हरकत नाही. चॅरिटी म्हणू नका.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिली स्टार नावाच्या माणसाने १९८० मध्ये अशीच पहिली राईड काढली. आई कर्करोगाने गेली होती. ३६ जण होते, जमले साधारण १० हजार डॉलर, ते एका कर्करोग रुग्णालयाला दिले. ती राईड, पॅन-मास चॅलेंज, आजही दरवर्षी निघते आणि आतापर्यंतची एकूण देणगी १ अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. त्यांची एक पद्धत उचलण्यासारखी आहे. आयोजनाचा खर्च प्रवेश फी आणि प्रायोजकांकडून निघतो. सायकलस्वाराने ओळखीपाळखीत फिरून जमवलेली देणगी मात्र सगळीच्या सगळी रुग्णालयाला जाते. दोन डबे वेगळे. आपण पहिल्या वर्षी एवढं केलं तरी पुष्कळ.

आणि छोटं सुरू करायला लाजायचं काय? आपल्याच किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह आणि त्यांचे एक वयोवृद्ध शेजारी असे दोघंच कचरा उचलायला उतरले होते. मग दर शनिवार-रविवारी माणसं वाढत गेली. मेडल कुणालाच मिळत नव्हतं, तरी लोक पुन्हा पुन्हा येत राहिले. तेव्हा ४० सायकली आल्या तरी चालतील.

आता कागदपत्रांचं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय की "क्यूआर कोड टाकू, लोक पाठवतील". कुणाच्या खात्यात? आपला ग्रुप नोंदणीकृत नाही. अशा वेळी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणपती मंडळं घेतात तीच, त्यामुळे गल्लीतल्या कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराला विचारा, तो अर्ज कसा भरायचा ते सांगेल. नाहीतर नोंदणीकृत संस्था निवडा आणि देणगी थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. संस्थेकडे ८०जी असेल तर पावती करसवलतीला चालते, मात्र रोख २००० च्या वर दिली तर सवलत नाही. कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर पैसे घ्यायला माझा ठाम विरोध आहे, मग तो माणूस कितीही भला असो.

मार्गाबद्दल. फेरीबोटीने मढला जायची कल्पना फोटोसाठी झकास आहे. पण ती बोट रोज कामाला जाणाऱ्यांची आहे. बोट चुकली तर त्यांना रस्त्याने वीसेक किलोमीटरचा वळसा. आपल्या पुण्यासाठी त्यांना का लटकवायचं? कोळीवाड्यातल्या अरुंद रस्त्यातूनही झुंड नेऊ नका, सकाळी तिथे मासळीची ये-जा असते. सात बंगल्यावरून लोखंडवालाकडे जाऊन परत येणं बरं. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी संडे स्ट्रीट्स सुरू केलं तेव्हा लोखंडवालाचा रस्ताही त्यात होता, त्यामुळे वाहतूक पोलिसांकडे विचारायला हा दाखला हाताशी आहे. रविवारी सहा ते आठ, त्यानंतर रस्ता मोकळा.

राहिला मुख्य प्रश्न, पैसे कशासाठी. माझं मत सांगतो. पहाटे साडेपाचला जे. पी. रोडवर उभं राहून बघा. सायकली आधीच धावत असतात. पाववाला, इडलीवाला, दूधवाला, रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन. मागे दिवा नाही, ब्रेक पायाने मारायचा, आणि अंगावर बस येते. आपण हजारोंच्या सायकलवर, डोक्यावर हेल्मेट घालून, महिन्यातून दोनदा हौसेने निघतो. हे लोक रोज पोटासाठी निघतात. यांच्या सायकलींना पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टर आणि चालणारे ब्रेक बसवू. वर्सोव्यातल्याच सायकल दुरुस्तीवाल्यांकडून लेखी दर घेऊ आणि कामही त्यांनाच देऊ. किती सायकली झाल्या ते मोजता येईल, देणाऱ्याला डोळ्यांनी दिसेलही. नाश्ता वेसावे कोळीवाड्यातल्या बायकांकडून घेऊ. सीफूड फेस्टिवलला हजारोंना जेवू घालणाऱ्या आहेत त्या, आपले चाळीस-पन्नास म्हणजे काहीच नाही.

कुणाला दुसरं काम सुचत असेल तर जरूर सांगा, फक्त त्याची किंमत आणि संख्या सांगता आली पाहिजे. "जनजागृती" चालणार नाही.

येत्या रविवारी बैठक आहेच. टी-शर्टचा विषय शेवटी घेऊ. आधी वही कोण लिहिणार आणि राईडनंतर किती दिवसांत पावत्यांसकट हिशोब याच ग्रुपवर टाकणार, ते ठरवू. वही लिहायला मी तयार आहे. तपासायला मात्र दुसरं कुणीतरी हवं, शक्यतो माझ्याशी न पटणारं. कमेंटमध्ये नाव द्या.