गाडी चाकोरी पाहून घ्यावी

पावसाळा उतरणीला लागला की मांडवगण फराट्याच्या बाजूला धंद्यासाठी फिरणारे आमचे व्यापारी आणि कारागीर बांधव एकच प्रश्न विचारू लागतात. कुणाला लिंबाची किंवा डाळिंबाची बाग घ्यायची असते, कुणाला बकऱ्यांची खरेदी करायची असते, कुणी भंगार गोळा करतो, कुणी वाड्या-वस्त्यांवर गाद्या भरून देतो. गाठीला पैसा थोडा असतो. गाडी मात्र अशी हवी असते की जी चिखलातून जाईल आणि जिच्यात रात्रीचा मुक्कामही होईल. अशी गाडी कोणती?

आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. चारही चाकांना जोर देणारी जीप आपल्यापैकी बहुतेकांना नको आहे. तिच्या नादाने भांडवल गाडीत अडकते आणि धंदा उधारीवर जातो. ज्या वाटेने रोज जायचे ती वाट, जो माल रोज वाहायचा तो माल आणि जिथे रात्र काढायची ती जागा, या तीन गोष्टी पाहून गाडी घ्यावी. रुबाब पाहून घेऊ नये.

आधी वाट पाहू. मांडवगण फराटा हे गाव शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगाला भीमेच्या काठी वसले आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका. गावापर्यंत डांबरी सडक आहे. तिथपर्यंत कोणतीही गाडी जाते. खरी परीक्षा पुढे, उसाच्या फडातून बागेपर्यंत जाणाऱ्या पाणंदीवर होते. जमीन काळी आहे. उन्हाळ्यात ती दगडासारखी असते, पण पाऊस पडला किंवा पाटाचे पाणी फुटले की तीच माती चाकाला लपेटून बसते. टायरची नक्षी भरून जाते आणि गुळगुळीत झालेले चाक जागच्या जागी फिरत राहते.

त्यात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दोन बाजूंना खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे उंचवटा राहतो. तीन चाकी टेम्पोचे पुढचे चाक नेमके या उंचवट्यावर येते आणि मागची दोन चाकोरीत उतरतात. माल उंच भरलेला असेल तर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. २००५ साली निघालेला आणि सगळीकडे ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टेम्पो डांबरी रस्त्यावर गरिबाचा खरा सोबती ठरला. परंतु त्याची चाके १२ इंची. खोल चाकोरीत चाक बुडते आणि गाडीचे पोट उंचवट्यावर टेकते. म्हणून पाणंदीत रोज जाणाऱ्याने मोठ्या चाकांची, उंच पाट्यांवर बसवलेली साधी पिकअप पाहावी. ज्याचा धंदा सडकेलगतच्या गावांत आणि आठवडे बाजारांत आहे, त्याने मात्र उगीच मोठ्या गाडीच्या मागे लागू नये.

आता चार चाकांच्या जोराबद्दल. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. त्यातले एक चिखलात घसरू लागले की डिफरन्शियल सारा जोर त्या घसरणाऱ्या चाकातच वाया घालवते आणि दुसरे उभे राहते. चारही चाकांना जोर असला की निदान पुढचे एखादे चाक ओढून नेते. गुण आहे, हे खरेच. पण टायर गुळगुळीत असतील आणि पोट मातीला टेकले असेल, तर ती जीपही तिथेच बसते. साध्या पिकअपला मागे चांगल्या नक्षीचे टायर असले, रिकाम्या हौद्यात मागच्या चाकांवर वाळूची दोन-तीन पोती ठेवली, चिखलापुरती हवा थोडी कमी करून सडकेवर येताच ती पुन्हा भरली, तर बरीचशी अडचण दूर होते. रुतलेल्या चाकाखाली फळी किंवा उसाचे पाचट घालावे आणि ॲक्सिलरेटर हळू द्यावा. जोराने रेस केल्यास गाडी आपला खड्डा आपणच खणते. मात्र तापलेला सायलेन्सर कोरड्या पाचटावर ठेवून गाडी कधीही उभी करू नये. पाचट पेट घेते.

याहूनही मोलाचा सल्ला शेतकऱ्याकडून घ्यावा. वाफसा आल्याशिवाय तो औत धरत नाही. आपणही वाफसा आल्याशिवाय गाडी पाणंदीत घालू नये. एखाद्या दिवशी माल निघालाच पाहिजे असेल, तर बागेपासून सडकेपर्यंत ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा. वर्षातून मोजक्या दिवसांचे ट्रॅक्टरभाडे परवडते; त्या मोजक्या दिवसांसाठी वर्षभर जड जीप पोसणे परवडत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, महिन्याला १५०० किलोमीटर फिरणे आहे. एक गाडी लिटरला १४ किलोमीटर जाते, दुसरी जुनी जीप ९ जाते. पहिलीला सुमारे १०७ लिटर लागतात, दुसरीला सुमारे १६७. महिन्याला ६० लिटरचा फरक पडला. लिटरमागे ९० रुपये धरले तर महिन्याचे ५,४०० आणि वर्षाचे जवळजवळ ६५ हजार रुपये झाले. एवढ्या रकमेत एखाद्या लहान बागेची विसार रक्कम निघते. हा तोटा खरेदीच्या दिवशी दिसत नाही, रोज थेंबाथेंबाने गळत राहतो.

तरीही ज्यांना जीपच लागते असे बांधव आहेत. घाटमाथ्याकडे भर पावसात माल वाहणाऱ्याला किंवा ज्याची वस्तीच पाणंदीच्या शेवटाला आहे त्याला ती नाकारता येणार नाही. त्यांनी जुनी महिंद्रा जीप किंवा १९८५ साली आलेली मारुती जिप्सी अवश्य पाहावी. परंतु नुसता दुसरा दांडा दिसला म्हणून चार चाकांची गाडी समजू नये. अनेक जुन्या जीपांचा पुढचा शाफ्टच काढून टाकलेला असतो. ओल्या मातीत नेऊन दांडा टाकावा आणि पुढची चाके खरोखर ओढतात का, हे खाली उतरून डोळ्यांनी पाहावे. ज्या गाडीचे सुटे भाग शिरूर, दौंड किंवा केडगाव-चौफुल्याकडे मिळत नाहीत आणि जिचे इंजिन आपल्या ओळखीच्या मिस्त्रीने कधी खोललेले नाही, ती कितीही स्वस्त असली तरी महागच समजावी.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. येथे प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो. पूर्वी बाग राखणारे लोक झाडाखाली सतरंजी टाकून झोपत. आता तसे करू नये. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. ऊस हे बिबट्याचे घरच झाले आहे. म्हणून गाडी निवडतानाच पाय पसरून आत झोपता येईल का, हे पाहावे. उघड्या हौद्यावरची ताडपत्री पाऊस अडवते, जनावर अडवत नाही. मुक्काम वारंवार पडत असेल तर हौद्यावर लोखंडी जाळीचा बंद सांगाडा असलेली पिकअप घ्यावी, किंवा माल हलका असल्यास बंद व्हॅन घ्यावी. मात्र असा सांगाडा आरसी बुकात नोंदलेला आहे ना, ते पाहावे. मनाने केलेला फेरबदल पासिंगच्या वेळी आडवा येतो.

बंद गाडीचाही एक धोका आहे. थंडी वाजते म्हणून आत शेगडी पेटवणे किंवा इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. स्टोव्ह बाहेर ठेवावा, इंजिन बंद करावे आणि दोन बाजूंच्या काचा दोन-दोन बोटे उघड्या ठेवून त्यांना जाळी लावावी.

आणि नदीपात्रात मुक्काम करू नये. वाळू मऊ असते, पाणी जवळ असते, वाराही गार लागतो, हे सारे खरे. परंतु पुण्याकडून येणारी मुळा-मुठा वरच्या अंगाला रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. मांडवगणला आभाळ कोरडे असले तरी वरच्या धरणांतून सोडलेले पाणी रात्री येऊ शकते. गाडी काठावर, उंच जागी आणि तोंड सडकेकडे करूनच लावावी.

आता कागदपत्रे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याच्या मालासाठी वापरली तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. मालवाहू गाडीच्या हौद्यात मजूर बसवणेही तसेच घातक आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला मोटार वाहन कायदा १९८८ नुसार परमिट लागत नाही. लहान व्यापाऱ्याने ही मर्यादा ध्यानात ठेवावी. परमिट नसले तरी पासिंग आणि विमा लागतोच. लायसन्सबद्दल दिलासा असा की, एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असलेली मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

जुनी गाडी घेताना आरसी बुकावरचा बोजा उतरला आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, चेसिस नंबर जुळतो का, हे पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीला पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च येतो. तो किमतीतून वजा करूनच सौदा करावा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच आपल्या नावावर करावी. ‘पुढे बघू’ म्हणणाऱ्याला पुढे पोलीस ठाणेच बघावे लागते.

शेवटी पैशाबद्दल. आपले अनेक बांधव व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात. त्यांनी गाठीच्या रकमेत बसेल अशीच गाडी घ्यावी, किंवा दोघा-तिघांनी भागीदारीत घ्यावी. बागवानाचा हंगाम आणि भंगारवाल्याचे फेऱ्यांचे दिवस यांची सांगड घालता येते. मात्र इंधन कुणाचे, टायर कुणाचे, मोडतोड कुणाची, हे साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावे. तोंडी भागीदारीत गाडी टिकते, नाते मोडते.

गाठीला दोन लाख असतील तर सगळे गाडीत घालू नयेत. निम्मे हातात राहिले तर माल घेता येतो. मालाशिवाय दारात उभी असलेली जीप पाहुण्यांना दाखवायला बरी. घर तिच्यावर चालत नाही.