पंपाने उंची खुंटते? हिशेब पुरा मांडू

वसमतच्या हळदीच्या मोंढ्यापासून सेनगावच्या सोयाबीनच्या मळणीपर्यंत हिंगोली जिल्ह्यात धुळीला तोटा नाही. इथे लेकराला दमा निघाला की पहिला सल्ला ठरलेला: ‘पंप लावू नका, त्यात स्टेरॉईड असतं, पोर बुटकं राहतं.’ मग पंप फडताळात जातो आणि मृगाला दम्याचे औषध भरलेला मासा गिळवायला हैदराबादची वाट धरली जाते.

आक्षेपात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. अमेरिका-कॅनडात ५ ते १२ वर्षांच्या १०४१ दमेकरी मुलांवर मोठी चाचणी झाली. त्यातल्या काहींना चार-सहा वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाईड पंपातून दिले. २०१२ साली त्यांच्या मोठेपणीच्या उंचीचे आकडे आले. त्यांची सरासरी १७१.१ सेंटिमीटर भरली, औषधाविना पंप ओढणाऱ्यांची १७२.३. फरक १.२ सेंटिमीटर.

पण ‘दरवर्षी उंची घटतच जाते’ हे खोटे. त्या चाचणीत घट पहिल्या दोन वर्षांत झाली, पुढे वाढत गेली नाही.

‘त्यापेक्षा गोळी बरी’ हे तर उलटेच. जोराचा झटका आला की वीस किलोच्या मुलाला दिवसाला साधारण २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन द्यावे लागते. म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम, तेही रक्तावाटे सगळ्या अंगात. औषधे वेगळी असली तरी वजनाने पाहता पंपातले पन्नास दिवसांचे स्टेरॉईड एका दिवसात पोटात जाते. पंप टाळून स्टेरॉईड टळत नाही. ते गोळीतून येते.

आणि पंपाविना मूल वाढते कुठे? रात्रभर खोकणाऱ्या लेकराची झोप मोडते, शाळा बुडते. आटोक्यात नसलेला तीव्र दमा स्वतःच वाढ मंदावतो, वयात येणे लांबवतो. सेंटिमीटरभर उंचीने कुणी दगावत नाही; दम्याच्या झटक्याने दगावते.

म्हणून पंप हवाच, पण नीट. दमा आटोक्यात ठेवणारा कमीत कमी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पंपाला स्पेसरची नळी लावा, औषध ओढून झाल्यावर चूळ भरायला लावा. दर सहा महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. वाढ मंदावली तर डोस बदलता येतो.

आयाबायांनो, बापांनो, फडताळातला पंप आज बाहेर काढा आणि तो घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.