थ्रेड : राजुरीच्या सरपंच ते बीडच्या खासदार – केशरकाकू क्षीरसागर

बीडच्या राजकीय इतिहासाची चर्चा बहुधा गोपीनाथ मुंडे यांच्यापासून सुरू होते. त्यांच्या कितीतरी आधी लोकसभा गाठलेल्या केशरबाई क्षीरसागर मात्र ‘काकू’ या घरगुती संबोधनाआड झाकल्या गेल्या. आठवण निघालीच, तर एका राजकीय घराण्याची आई म्हणून. हे वाचन उलट्या दिशेने केलेले आहे.

काँग्रेसच्या उमेदवार म्हणून त्या १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीन वेळा बीडमधून लोकसभेवर निवडून आल्या. पण आरंभ होता नवगण राजुरीचे सरपंचपद. मग पंचायत समितीचे सभापतिपद, १९७२ साली चौसाळा मतदारसंघातून विधानसभा आणि त्यानंतर दिल्ली.

काळ लक्षात घेतल्याशिवाय या क्रमाचे मोल कळत नाही. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. महाराष्ट्रात जिल्हा परिषद व पंचायत समिती ही रचना अस्तित्वात आली १९६२ साली. म्हणजे ज्या शिडीने केशरबाई वर गेल्या, ती शिडीच नवी होती. तीवर स्त्रियांसाठी राखीव पायरीही नव्हती. पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली १९९३ मध्ये. तोवर त्या तिसऱ्यांदा खासदार झाल्या होत्या! सासरच्या घराचे पाठबळ असेलही. सभापती व्हायला मात्र सदस्यांची मते लागतात.

शिवाय बीड हा काँग्रेसचा हमखास गड नव्हता. १९६७ साली येथून कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले, १९७७ साली मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. १९८९ साली जनता दलाचे बबनराव ढाकणे जिंकले आणि १९९१ मध्ये ही जागा केशरबाईंनी परत मिळवली.

घराणेशाहीचा आक्षेप निराधार नाही. पुत्र जयदत्त राज्यात मंत्री झाले. २०१९ साली बीड विधानसभेत नातू संदीप यांनी त्याच काकांचा पराभव केला. परंतु पुढच्या पिढ्यांचा हिशेब राजुरीच्या सरपंच बाईंच्या नावे मांडणे हा कालविपर्यास आहे.

याच बीडमधून २०१४ च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे वडिलांच्या निधनानंतर सुमारे ७ लाखांच्या, त्या वेळी विक्रमी ठरलेल्या मताधिक्याने थेट लोकसभेत पोहोचल्या. मतदारसंघ एकच, खासदार दोन्ही स्त्रियाच. अभ्यासकांनी या दोन वाटा शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि आरंभ दिल्लीपासून नव्हे, राजुरीच्या ग्रामपंचायतीपासून करावा.