ब्रेकला हात लावायचा नाही, हे ठरवलं कुणी?

घरी गाडीच्या ब्रेकची हवा काढतो म्हटलं की चार जण अंगावर येतात. "जिवाशी खेळ आहे, मेकॅनिकला करू दे!" जिवाशी खेळ आहे, मान्य. पण सध्या हा जीव कुणाच्या भरवशावर आहे, तेही बघू या.

ब्रेक ऑइल ओल शोषून घेतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की हीच हद्द १५५ च्या आसपास येते. वरंधा घाटात सतत ब्रेक दाबून उतरलात आणि ते उकळलं, तर पाइपात वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल थेट तळाला, गाडी सुसाट! म्हणून साधारण दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचं असतं.

मग हे तपासतं कोण? पीयूसीवाला धूर बघतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, तोवर आरटीओ फिटनेस विचारत नाही. आणि सर्व्हिस सेंटर? माझ्या बिलावर दोनदा 'ब्रेक ऑइल टॉप-अप' आलं. म्हणजे जुन्या, पाणी प्यायलेल्या ऑइलवर थोडं नवं. बदललं का विचारलं, तर "साहेब, सगळं ओके आहे."

काम काही गुपित नाही. गाडी पक्क्या स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ताज्या ऑइलमध्ये. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करून परत आवळायचा, मगच "सोड" म्हणायचं. नळीत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत हेच. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. पॅडल कडक लागलं नाही, तर गाडी जागची हलवायची नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणूनच. पुढे अपिलं झाली. २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. पोर्टल आलं, कायदा कुठाय?

सगळ्यांनी घरीच करा असं मी म्हणत नाही. पण ज्याला काम कळतं, त्याला 'टॉप-अप'वर गंडवता येत नाही. भीती घालणाऱ्यांची अडचण तीच आहे.

दुरुस्तीची मॅन्युअल खुली करा. स्कॅनर गल्लीतल्या गॅरेजलाही परवडेल अशा दरात द्या. पीयूसीसोबत ब्रेक ऑइलमधली ओलही तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि तुम्ही, पुढच्या सर्व्हिसला एवढंच विचारा: "ऑइल बदललंत की नुसतं भरलंत? जुनं काढलेलं दाखवा." उत्तर काय मिळालं, ते खाली लिहा.